वसुधाचं बाळ

"मावशी, खरं सांगा. माजं पोर मेलेलंच व्हतं?"

रंभाच्या हातातलं ओलं दुपटं तसंच राहिलं. प्रसूतिगृहाच्या मागच्या अंगणात ती धुणं वाळत घालत होती. सरूला फाटकातून येताना पाहून तिला वाटलं होतं, पोरीला पुन्हा दिवस राहिले असतील, दाखवायला आली असेल. म्हणून ती हसलीही होती.

"काय बोलतेस गो सरू?"

"मेलेलं व्हतं, का कोनी नेलं?"

सरूच्या मागून तिची सासू बायजाबाई पुढे आली. पदर कमरेला खोचलेला, चालून आल्यामुळे धाप लागलेली.

"काल दावलं ना टीवीत. वसुधाचं पोर जितं हाय. त्या दवाखान्यातल्या आयानंच नंदंच्या हवाली केलं आनि आईला सांगितलं, मेलं म्हनून. आमालाबी तुमीच सांगितलंत. आमी कुटं बघितलं?"

"बायजाबाय, ती मालिका हाय."

"तुमीच म्हनाला व्हता, ती मालिका खरी हाय म्हनून."

हे खोटं नव्हतं. रंभा तसं म्हणाली होती, आणि एकदा नाही, अनेकदा.

रोह्यातल्या या प्रसूतिगृहात ती बावीस वर्षं आया होती. निडीहून सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. अडलेली बाई असली की राहायची. खाटा आठ. बाळंतिणींना अंघोळ घालणं, लादी पुसणं, वार पुरायला नेणं ही कामं तिची. आणि मेलेलं मूल जन्मलं की त्याला पुसून, कपड्यात गुंडाळून घरच्या पुरुषाच्या हातात देणं हेही तिचंच. सिस्टर त्या वेळी कागद करीत असायच्या. डॉक्टरीणबाई आईकडे बघत असायच्या. मुलाकडे बघायला रंभाच उरायची.

गेल्या वैशाखात सरूचं तसं झालं. पहिलटकरीण, दोन दिवस कळा, आणि मुलगा जन्मला तो निळा. डॉक्टरीणबाईंनी करायचं ते सगळं केलं. नंतर सरू भिंतीकडे तोंड करून पडली, रडेना, बोलेना. सगळे सांगत होते, रडू नको, अजून होतील. रंभा खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "रडू नको आसं मी नाय सांगनार. रड तू. तुजं पोर गेलंय, तू नाय रडायचं तर कोनी रडायचं? मी हितंच हाय." मग सरू रडली.

पुढच्याच महिन्यात यामिनी टिपणीस आली. नदीपलीकडच्या अष्टमी गावात तिच्या मामांचं घर होतं, तिथे ती आठ दिवस राहायला आली होती. मुंबईला टीव्हीवरची मालिका लिहिते म्हणाली. 'किल्ली माहेरची' हे नाव ऐकल्यावर इंदू सिस्टर खुर्चीतून उठल्याच. ती मालिका वॉर्डात रोज साडेसातला लागायची. मालिकेतल्या वसुधाचं मूल जाणार होतं आणि तो भाग यामिनीला लिहायचा होता. "उगाच आरडाओरडा नको आहे मला," ती म्हणाली. "खरं काय होतं ते सांगा." याच अंगणात पायरीवर बसून तिने दोन तास ऐकलं. वहीत फार लिहिलं नाही. मध्येच विचारायची, "मग तुम्ही हाताचं काय करता?" रंभाला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मूल देताना हात कसे धरायचे हे तिलाही सांगताना नव्याने कळलं.

गणपती गेले आणि तो भाग लागला. मालिकेतली आया वसुधाच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "रडू नको असं मी नाही सांगणार." पुढचं सगळं शब्दाला शब्द. वॉर्डात सात बायका होत्या, एकीलाही हुंदका आवरला नाही. रंभा दाराशी फडकं घेऊन उभी राहिली होती. आपलं बोलणं कोणी ऐकून ठेवतं, जपून नेतं आणि जसंच्या तसं परत देतं, हे तिच्या पन्नास वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं.

चार दिवसांनी सरू पेढे घेऊन आली होती. म्हणाली, "सासूनं बघितलं मावशी. गप झाली. दुसऱ्या दिवशी मला म्हनाली, तुजं काय चुकलं नव्हतं." तेव्हापासून रंभा भेटेल त्याला सांगायची, ती मालिका बघा, खरी आहे.

आणि आता हे.

बायजाबाई आणि सरू गेल्यावर एक वाजता आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागला. रंभाने तो उभ्याने बघितला. आयाचं काम करणारी तीच नटी, तीच निळी साडी. अंधाऱ्या जिन्याखाली उभी राहून ती नणंदेच्या हातात गाठोडं देत होती आणि डोळे बारीक करून हसत होती. मागे ढोलासारखं काहीतरी वाजत होतं. गाठोड्यातलं बाळ चांगलं चार महिन्यांचं होतं, मान धरलेलं. घास चावताना दाताखाली माशी यावी तसं रंभाला झालं. ती बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली, तरी ते गेलं नाही.

"सिस्टर, त्या ताईंचा नंबर हाय ना तुमच्याकडं?"

इंदू सिस्टरने डायरीतून नंबर काढून आपल्या मोबाईलवरून लावून दिला.

"ताई, हे काय लिवलंत?" रंभाने नमस्कारही केला नाही.

यामिनी म्हणाली, "मावशी, ते मी लिहिलेलं नाही."

"नाव तर तुमचंच येतं."

"काढलं. आज नीट बघा, तिथे कोणाचंच नाव नाही. मला म्हणाले, बाळ जिवंत करा, लोक खिळून बसतील. मी नाही म्हटलं. मग मला न सांगता दुसऱ्याकडून लिहून घेतलं. आणि हे माझ्या एकटीचं नाही. सकाळी पानं मागायची, दुपारी चित्रीकरण, रात्री आपण लिहिलेलं आपल्यालाच ओळखू येत नाही. विचारलं तर घरी बसा म्हणतात. म्हणून अठ्ठावीस लेखकांनी मिळून लिहिणं थांबवलंय."

"म्हंजे संप?"

"हो, संपच."

संप रंभाला ठाऊक होता. तिचा भाऊ नाथा धाटावच्या एका कारखान्याच्या फाटकासमोर चार महिने बसला होता. ती त्याला भाकरी नेऊन द्यायची.

"मग आत दुसरी मानसं घेतली आसतील."

"घेतलीच. म्हणून तर मालिका चालू आहे."

"आनि फाटकाभाईर तुमच्यासंगं कोन हाय?"

यामिनी हसल्यासारखी झाली. "कोणी नाही. लेखकासाठी कोण येणार? लोकांना वाटतं, नट मनानंच बोलतात."

"आमी काय करायचं ते सांगा."

"चॅनेलला फक्त बघणाऱ्यांची भीती असते, मावशी. पत्रं लिहा. मनातलं लिहा."

त्या दिवसापासून रंभाने कार्डं लिहून घ्यायला सुरुवात केली. स्वतः ती चौथी शिकलेली, अक्षर लागायचं पण हात चालायचा नाही. मजकूर इंदू सिस्टरने करून दिला: 'वसुधाचं बाळ गेलं, ते आम्ही सोसलं. त्याला खोटं जिवंत करून आमची थट्टा करू नका. ज्यांनी मालिका लिहिली त्यांनाच लिहू द्या.' वॉर्डातल्या बाळंतिणींनी सह्या केल्या. जुन्या बाळंतिणींच्या घरी रंभा स्वतः गेली. बावीस वर्षांत कोणाच्या घरचं दार तिला परकं नव्हतं. हौसा नावाची एक होती, तिचीही एक मुलगी अशीच गेलेली; तिने एकटीने अष्टमीतून एकवीस कार्डं आणली.

पण सगळीकडे असं नव्हतं. एका मास्तरांच्या बायकोने चहा दिला, कार्ड वाचलं आणि बाजूला ठेवलं. "खरं सांगू का मावशी, आता मजा येते. आधी नुसतं रडगाणं होतं."

"पोर इकलं त्यात मजा?"

"अहो, मिळणारच ना तिला परत! मिळालं तर चांगलंच की."

दुसरी एक म्हणाली, संप करून मालिका बंद पडली तर संध्याकाळी बघायचं काय? तिसरीच्या नवऱ्याने विचारलं, लिहायला काय लागतं, कोणीही लिहील. रंभा कार्ड परत पिशवीत घालून त्या घरातून उठली. या माणसाच्या तीन पोरांची नाळ तिने पुरली होती.

त्र्याहत्तर कार्डं गेली. उत्तर आलं नाही. त्याऐवजी आठ दिवसांनी रोह्याच्या नाक्यावर फलक लागला: पेणला एका सभागृहात 'किल्ली माहेरची'च्या चाहत्यांचा मेळावा, वसुधा स्वतः येणार, प्रवेश मोफत.

"जायचं," रंभा म्हणाली.

नऊ जणी निघाल्या. रोह्याला बाकीच्या चढल्या, निडीला रंभा चढली. हौसाने जुन्या चादरीवर निळ्या रंगाने लिहून आणलं होतं: 'लिहिणाऱ्यांना न्याय द्या. खरी गोष्ट परत आणा.' सरूही आली होती, सासूला न सांगता. ती खिडकीशी बसली. नागोठणं गेलं तरी बोलली नव्हती. कासूच्या जवळपास हळूच म्हणाली, "मावशी, तुमी पोर कोनाच्या हातात दिलं?"

"तुज्या नवऱ्याच्या. जनूच्या."

"तो कायच बोलत नाय. मी इचारलं की उठून जातो."

रंभाने तिचा हात धरून ठेवला. जनूला विचार, असं सांगण्यात अर्थ नव्हता.

सभागृहाच्या दारात काळे सदरे घातलेली पोरं उभी होती. प्रत्येक बाईच्या हातात ती सोनेरी कागद लावलेली पुठ्ठ्याची किल्ली देत होती. वसुधा आली की हलवायची म्हणे. हौसाच्या काखेतलं कापड एकाने ओढून बघितलं.

"हे आत नाही न्यायचं, काकी."

"का? आमी मालिकेवालेच हाव."

"जाताना घ्या." त्याने ते सरबताच्या टेबलाखाली सरकवलं.

आत पाचशे बायका होत्या. निवेदक तरुण होता, गालावर पावडर, दात पांढरेशुभ्र. तो धावत धावत बायकांमध्ये येई, कोणाच्या सुनेबद्दल, कोणाच्या सासूबद्दल काहीतरी विचारी आणि लोक हसत. वसुधाचं काम करणारी नटी खुर्चीत बसून हात हलवत होती. मग निवेदकाने विचारलं, रोज एकही भाग न चुकवणारं कोण आहे इथे? हौसाने रंभाचा हात वर केला. कॅमेरा वळला.

रंभा मंचावर गेली. दिव्यांचा उजेड इतका होता की समोरचं काही दिसेना. एका अर्थी ते बरंच झालं.

"नाव काय मावशी? रोज बघता?"

"रंभा महिपती. रोज बघते. येक दिस चुकवत नाय."

"वा! टाळ्या! आणि वसुधाला काय सांगाल?"

"तिला काय सांगायचं नाय. तुमाला सांगायचं हाय." रंभाने माईक स्वतःच्या हातात घेतला, निवेदकाला ते अपेक्षित नव्हतं. "मी दवाखान्यात आया हाय. वसुधाचं बाळ गेलं, तवा त्या आयाच्या तोंडी जे बोलनं व्हतं ना, ते माजं. यामिनीताईंनी माज्याकडून ऐकून लिवलं. आमच्यात ज्यांची पोरं गेली त्यांना बरं वाटलं. आनि आता तुमी ती आया चोर केलीत. मेलेलं पोर जितं केलंत. आमच्याकडं बाया येऊन इचारतात, माजंबी पोर इकलं का. लाज वाटत नाय तुमाला? ज्यांनी लिवलं ते संपावर हायत. त्यांना परत आना. हात जोडून सांगते, परत आना!"

समोरून तिच्याबरोबरच्या आठ जणींनी टाळ्या वाजवल्या. बाकी सभागृहात कुजबुज झाली. मग कोणीतरी ओरडलं, "खाली बसा! मालिका बंद पाडता काय?" दुसरी म्हणाली, "कार्यक्रमाचा विचका केला." निवेदकाने माईक काढून घेतला तेव्हा तो हसतच होता. "किती प्रेम! असं प्रेम असावं लागतं हं मालिकेवर!" आणि संगीत सुरू झालं. पाचशे पुठ्ठ्याच्या किल्ल्या हलायला लागल्या.

मंचाच्या मागच्या पायऱ्यांवर नटी उभी होती, पाणी पीत. रंभा जवळून जाताना ती खाली बघत म्हणाली, "बरोबर बोललात तुम्ही. मलाही ते करताना लाज वाटते."

"मग तुमी सांगा की त्यांना."

"मला बदलतील," ती म्हणाली. "आणि माझं नाव घेऊ नका कुठे, प्लीज." मग पदर सारखा करून, चेहरा हसरा करून ती उजेडात गेली.

परतताना हौसा टेबलाखालचं कापड आणायला गेली. कोणीतरी सांडलेलं गुलाबी सरबत त्याने पुसलं होतं. 'न्याय द्या' एवढं वाचता येत होतं. हौसाने ते तिथेच टाकलं.

रविवारी मेळावा टीव्हीवर दाखवला. निडीला रंभाच्या घरी शेजारची आठ-दहा माणसं बघायला जमली. तिचा नवरा महिपती वालाच्या शेंगा सोलत कोपऱ्यात बसला होता. त्याला मालिकेत रस नव्हता, पण बायको दिसणार म्हणून तोही बघत होता.

रंभा दिसली. "रोज बघते. येक दिस चुकवत नाय." टाळ्या. मग नटीचे भरून आलेले डोळे. मग पुन्हा रंभा, हात जोडलेली: "हात जोडून सांगते, परत आना!" आणि वर निवेदकाचा आवाज: "रोह्याच्या रंभामावशींची एकच मागणी, वसुधाचं बाळ परत आणा! मिळेल का वसुधाला तिचं बाळ? पाहत राहा..."

घरात आनंदाचा गलका झाला. "काय झ्याक दिसलीस गो रंभा!" शेजारीण म्हणाली. रंभा जमिनीकडे बघत बसली होती. आवाज तिचाच होता, तोंड तिचंच, हातही तिचेच. कोणीतरी तिचं बोलणं कोंबडीसारखं कापलं होतं, नको ते काढून टाकलं होतं आणि उरलेलं लोकांपुढे वाढलं होतं. आपल्याच आवाजाची तिला शिसारी आली.

सगळे गेल्यावर महिपती म्हणाला, "तू आसं बोलली नव्हतीस."

"नाय."

"मला वाटलंच. तू पोर परत आना आसं म्हननार नाय." एवढं बोलून त्याने सूप उचललं. त्या दिवशी तिला जे काही बरं वाटलं ते एवढ्यानेच.

सोमवारी सकाळी बायजाबाई चार माणसं घेऊन प्रसूतिगृहात आली. "बघा, ती सवताच टीवीत म्हनाली, पोर परत आना! तिच्या मनातच पाप हाय!" डॉक्टरीणबाईंनी नोंदवही दाखवली, तारीख दाखवली, सरूच्या नवऱ्याची सही दाखवली. "कागद काय, कोनीबी लिवतं," बायजाबाई म्हणाली. वॉर्डातल्या एका नव्या बाळंतिणीच्या आईने लेकीचं बाळ उचलून छातीशी धरलं आणि रंभाकडे पाठ केली. ते रंभाने बघितलं. बायजाबाईच्या शिव्यांपेक्षा ते तिला जास्त लागलं.

"आठ दिवस घरी थांबा रंभाबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला तुमच्याबद्दल शंका नाही. पण लोक..."

रंभाने पिशवी घेतली आणि गाडीला दोन तास असूनही स्टेशनवर जाऊन बसली.

गुरुवारी महिपतीच्या मोबाईलवर यामिनीचा फोन आला. संप मिटला होता.

"मावशी, नावं परत आली. आता प्रत्येक मालिकेवर लिहिणाऱ्याचं नाव येईल. पानं दोन दिवस आधी द्यायची, आणि न विचारता बदलायचं नाही, असं लिहून दिलंय."

"बरं झालं. मग बाळाचं काय?"

"ती मालिका मला परत दिली नाही. दुसऱ्या कोणाला दिली. बाळ जिवंतच राहणार. पुढच्या आठवड्यात बारसं आहे." मग म्हणाली, "तुमची कार्डं मला मिळाली, मावशी. ऑफिसात ती टाकून देणार होते, तिथल्या एका टायपिस्टबाईंनी गठ्ठा करून आणून दिला. बैठकीत आम्ही सगळी टेबलावर मांडली. तोवर ते म्हणत होते, लेखक कोण हे लोकांना माहीतही नसतं. त्यानंतर म्हणाले नाहीत."

रंभाने मग तिला सरूचं सांगितलं, मेळाव्याचं, घरी बसवल्याचं. यामिनीचा आवाज बदलला.

"मी तुमचं वाक्य घ्यायलाच नको होतं."

"घेतलंत ते बरं केलंत. तवा सरूला उपेग झाला. पुडचं तुमी नाय केलंत. ज्यांनी केलं त्यांना कायच झालं नाय, ह्याचाच वीट येतो बघा."

"मी येऊ का तिथे? सरूला भेटते. मीच सांगते."

"तुमी नको. टीवीचं मानूस बघून परत तेच व्हईल. मीच जाते."

शुक्रवारी दुपारी ती सरूच्या घरी गेली. अष्टमीच्या पुढे भातखाचरांच्या कडेला त्यांची वाडी होती. जनू पहिल्या शिफ्टवरून नुकताच आला होता आणि पडवीत जेवत होता. सरू त्याला वाढत होती. रंभाला बघून बायजाबाई दारात आडवी उभी राहिली.

"हितं कशाला आलीस?"

"तुज्याकडं नाय आले. जनूकडं आले." रंभा अंगणातच उभी राहिली. "जनू, जेव आधी. मी थांबते."

जनूने हात धुतला. तो मान वर करीना.

"जनू, तुज्या हातात मी काय दिलं?"

जनूने तांब्या खाली ठेवला.

"मी चोर हाय म्हनून तुजी आई सांगत फिरते. माजं काय, म्हातारी झाले, वाल खुडीन. पन तुजी बायको रोज दारात बघत बसते, पोर कुटूनतरी येईल म्हनून. तिला आसंच ठेवनार तू? तुज्याबिगर हे कोनाला सांगता येनार नाय. मी सांगितलं, कागदानं सांगितलं. आता तू सांग."

जनू खांबाला टेकला. बायजाबाई काही बोलणार होती, त्याने तिच्याकडे न बघता हात वर केला.

"मी बघितलं त्याला," तो म्हणाला. "कापड बाजूला केलं. मावशींनी सांगितलं, बघ, मग बघायला मिळनार नाय. कपाळ माज्यासारखं व्हतं. गार व्हतं. नदीच्या काठाला नेलं. शिवाकाका संगं आला, पन खड्डा मी खनला. कोनाला हात लावू दिला नाय."

सरू उठून त्याच्यासमोर आली. "मला का नाय सांगितलंस?"

"सगळे म्हनाले, बाईमानसाला सांगू नको, ती धसका घेल. मग बोलायचं ऱ्हाऊनच गेलं."

"केस व्हते?"

"व्हते. काळे. ओले व्हते."

सरूने ते दोनदा विचारून घेतलं. मग तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मला दाव."

जनू पुढे, सरू त्याच्या मागे, रंभा तिच्या मागे, असे ते खाचरांच्या बांधावरून कुंडलिका नदीच्या काठाकडे निघाले. बायजाबाई दारातच उभी होती. थोड्या वेळाने रंभाने मागे पाहिलं तर ती बांधावरून येत होती, अनवाणी, बरंच अंतर ठेवून.

काठावर जनू थांबला. करंजाची तीन झाडं होती आणि पुढे मऊ, भुरकट मातीचा पट्टा. तो इकडे गेला, तिकडे गेला, एका मुळापाशी वाकला.

"हितंच व्हतं. पावसात पानी वर आलं, काठ सरकला." तो बोट दाखवीना. त्याने हात पसरून झाडापासून पाण्यापर्यंतची सगळी जागा दाखवली. "हितं कुटंतरी."

सरू त्या जागेच्या मधोमध जाऊन बसली. जनू तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला. धरणाचं पाणी सोडलेलं, नदी भरून वाहत होती. पलीकडच्या काठावर कोणी म्हशी धूत होतं, त्याचा आवाज येत होता. दोघं एकमेकांशी बोलत होती, पण काय ते रंभाला वर ऐकू येत नव्हतं, आणि तिने ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही. ती काठाच्या वरच थांबली.

बायजाबाई तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिला खाली जायचं होतं. उतार उभा होता, माती ओलसर होती. तिने एकदा पाय टाकून बघितला आणि मागे घेतला. मग रंभाकडे न बघता तिने रंभाचा दंड घट्ट धरला आणि एकेक पाऊल टाकत ती उतरू लागली.